व्हॉयेजर ५२०० : कॉलसाठी चोख, जोडणीचे नखरे मात्र ओळखून घ्या

एका कानाचा, बूम माइकवाला (तोंडाकडे येणाऱ्या दांडीवर माइक असलेला) ब्लूटूथ हेडसेट आता फारसा दिसत नाही. जिकडेतिकडे इअरबड्स. तरीही दिवसभर फोनवर बोलणं हेच ज्यांचं काम आहे, त्यांच्या कानामागे प्लॅन्ट्रॉनिक्सचा व्हॉयेजर ५२०० अजून टिकून आहे. मॉडेल २०१६ चं. पुढे २०१९ मध्ये कंपनीचं नाव पॉली झालं आणि २०२२ मध्ये ती एचपीकडे गेली, त्यामुळे खोक्यावर या तिन्हींपैकी कोणतंही नाव दिसलं तरी गोंधळायचं कारण नाही. वजन २० ग्रॅम, माइक चार, एका चार्जवर सात तासांपर्यंत बोलणं. वारा असो की रहदारी, समोरच्याला आपलं बोलणं स्वच्छ ऐकू जाणं, या एका कामात तो आजही कित्येक नव्या मॉडेलांना भारी पडतो.

तक्रारी होतात त्या कनेक्शनच्या. 'फोनला सापडतो पण जोडला जात नाही', 'जोडलेला दाखवतो पण आवाज फोनमधूनच येतो', 'मध्येच कट होतो'. हेडसेट गेला असं समजून लोक दुसरा घ्यायला निघतात. खरं तर अशा वेळी तो बहुधा कुणा दुसऱ्याच उपकरणाला चिकटलेला असतो, नाहीतर आपण कानावर नाहीच अशी त्याची समजूत झालेली असते. म्हणून आवाजाचं कौतुक इथेच आवरतं घेऊन पुढचं सगळं जोडणीबद्दल.

पेअरिंग : चावी दोघांकडे असते

नवा हेडसेट पहिल्यांदा चालू केला की आपोआप पेअरिंगमध्ये जातो. नंतर दुसरं काही जोडायचं असेल तर कॉल बटण दाबून धरायचं. कानात 'पेअरिंग' असं ऐकू येतं आणि दिवा लाल-निळा लुकलुकू लागतो. हे दोन्ही झाल्याशिवाय बोट उचलू नका. नुसता दिवा एकदा चमकला म्हणून सोडलं, की हेडसेट पेअरिंगमध्ये गेलेलाच नसतो आणि फोनच्या यादीत तो शोधत बसण्यात वेळ जातो.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. फोनच्या यादीत नाव आहे, त्यावर टॅप केलं की क्षणभर 'कनेक्टेड' येतं आणि लगेच जातं. पेअरिंग होताना फोन आणि हेडसेट एक गुप्त चावी तयार करतात आणि दोघेही आपापल्याकडे ती जपून ठेवतात. एकाने ती पुसली आणि दुसऱ्याकडे जुनीच राहिली, तर ओळख पटत नाही. फोन अपडेट झाला, हेडसेट रीसेट केला, किंवा जुन्या फोनचा बॅकअप नव्या फोनवर घेतला, की असं होऊ शकतं. ब्लूटूथ बंद-चालू करून यावर काहीच फरक पडत नाही, कारण चावी तशीच राहते.

उपाय दोन्ही बाजूंनी करायचा आणि क्रम पाळायचा. फोनच्या ब्लूटूथ यादीत हेडसेटच्या नावापुढच्या चिन्हावर जाऊन 'फरगेट' करा. फोन एकदा रीस्टार्ट करा. मग हेडसेट पेअरिंगमध्ये टाका, आणि फोनच्या यादीत 'उपलब्ध उपकरणं' या भागात नाव आलं की तिथून जोडा. अँड्रॉइडवर जोडताना कॉन्टॅक्ट्स आणि कॉल हिस्टरी वापरू देण्याची परवानगी विचारली तर द्या. ती नाकारल्याने आवाज बंद होत नाही, पण कोणाचा फोन आहे ते हेडसेट सांगतो, ती सोय जाते.

या हेडसेटच्या स्मरणात आठ उपकरणं राहतात, प्रत्यक्ष जोडलेली मात्र एका वेळी दोनच. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण निम्मा गोंधळ यांच्यातच आहे.

दोन खुर्च्या आणि तिसरा पाहुणा

चालू केल्यावर हेडसेट ओळखीच्या उपकरणांना हाक मारतो. जे आधी हाकेला ओ देतं ते 'फोन वन', नंतरचं 'फोन टू'. जोडणी झाल्याची सूचना कानात ऐकू येते, आणि बहुतेक जण नेमकं तेच ऐकत नाहीत. सकाळी हेडसेट चालू केला, 'फोन वन कनेक्टेड', 'फोन टू कनेक्टेड' असं दोनदा ऐकू आलं आणि तरी तुमच्या हातातल्या फोनवर 'नॉट कनेक्टेड' दिसतंय, तर दोन्ही जागा भरलेल्या आहेत. बसलेत कोण? बहुतेकदा बॅगेत झाकण अर्धवट मिटलेला लॅपटॉप आणि घरातला टॅबलेट.

तपासायची रीत साधी. आसपासच्या सगळ्या उपकरणांचं ब्लूटूथ बंद करा, हेडसेट बंद करून पुन्हा चालू करा आणि फक्त फोन जोडा. चालला, तर हेडसेट निर्दोष. मग एकेक उपकरण परत चालू करत जा. घुसखोर सापडतोच. इथे आयफोनवाल्यांची एक फसगत होते. कंट्रोल सेंटरमधल्या निळ्या चिन्हावर टॅप केल्याने ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. हेडसेटसारख्या वस्तू तेवढ्या सुटतात, घड्याळ वगैरे जोडलेलंच राहतं. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हेडसेट आपणहून जोडला जात नाही, म्हणजे वर आणखी एक 'बिघाड' तयार. खरंखुरं बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊनच.

घुसखोर सापडल्यावर त्याला यादीतून काढायलाच हवं असं नाही. अँड्रॉइडवर ब्लूटूथ यादीत प्रत्येक उपकरणापुढे 'कॉल्स' आणि 'मीडिया ऑडिओ' असे वेगवेगळे खटके असतात. कॉल घेऊ शकणारं स्मार्टवॉच किंवा गाडीतली यंत्रणा फोनला आधीपासून जोडलेली असेल, तर येणारा कॉल कोणाकडे जाणार हे फोन ठरवतो आणि हेडसेट रिकामा बसतो. अशा वेळी घड्याळासाठी 'कॉल्स' बंद करा, सूचना आणि बाकी कामं चालू राहतील. उलट, हेडसेटपुढचाच 'कॉल्स' खटका कधीतरी चुकून बंद झालेला असतो. गाणी ऐकू येतात पण कॉलचा आवाज येत नाही, या तक्रारीत आधी हेच पाहावं.

लॅपटॉपची भानगड वेगळी. तिथे एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू राहिला किंवा सूचनेचा टिंग वाजला, तरी हेडसेट क्षणभर तिकडे वळतो आणि फोनवरचं गाणं अडखळतं. कॉल चालू असेल तर कॉलला प्राधान्य असतं, त्यामुळे बोलणं सहसा तुटत नाही. नुसतं ऐकताना मात्र वैताग येतो.

कानावर आहे की नाही?

५२०० चा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वैतागवाणा भाग म्हणजे त्यातला सेन्सर. हेडसेट कानावर चढवला की येणारा कॉल आपोआप उचलला जातो. काढला की चालू कॉल फोनकडे जातो, गाणं थांबतं आणि खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कॉल बटणाला कुलूप लागतं. सेन्सर ठीक असेल तर याच्याइतकी सोय नाही.

तो चुकला की लक्षणं हुबेहूब कनेक्शन गेल्यासारखी दिसतात. कॉल उचलल्यावर आवाज फोनच्या इअरपीसमधून येतो. बोलता बोलता मान वळवली की आवाज फोनकडे उडी मारतो आणि परत येतो. बटण दाबलं तरी काही होत नाही. फोनच्या स्क्रीनवर हेडसेट जोडलेलाच असतो, बॅटरी भरलेली असते. मग लोक पेअरिंग पुसतात, पुन्हा करतात, आणि अर्थातच काही फरक पडत नाही.

ओळखायची खूण अशी: कॉल चालू असताना फोनच्या स्क्रीनवरच्या ऑडिओच्या पर्यायातून हाताने हेडसेट निवडा. आवाज लगेच हेडसेटमध्ये आला, तर रेडिओ ठीक आहे, सेन्सरकडे बघा. आधी इअरटिप काढून आतली बाजू आणि कानाला टेकणारा भाग कोरड्या, मऊ कापडाने पुसा. घाम, तेल, मेकअपचा थर यांमुळे सेन्सरचा अंदाज चुकतो. टिप ढिली असेल तर मधला आकार सोडून मोठा लावून बघा. कानात नीट न बसणारा हेडसेट सेन्सरला 'अर्धा काढलेला' वाटतो.

त्यानेही जमलं नाही, तर सेन्सर पुन्हा शून्यावर आणायचा. हेडसेट चालू ठेवा आणि सपाट, धातूच्या नसलेल्या पृष्ठभागावर दहा सेकंदांहून जास्त वेळ हात न लावता ठेवून द्या. लाकडी टेबल चालेल, लॅपटॉपची धातूची पाठ चालणार नाही. किंवा यूएसबी केबलने थेट कॉम्प्युटरला चार्जिंगला लावा, त्यानेही तेच काम होतं. मुठीत धरून किंवा शर्टच्या खिशात ठेवून हे होत नाही, कारण तेव्हा जवळ शरीर असतंच.

तरीही रोजचाच त्रास असेल, तर कंपनीच्या ॲपमधून सेन्सर बंद करता येतो. ज्यांना हेडसेट गळ्यात, कॉलरवर अडकवून ठेवायची सवय आहे, त्यांनी तो बंदच ठेवावा हे बरं.

आयफोनवर याच लक्षणाचं आणखी एक कारण असतं. कॉल फोनच्या स्क्रीनवरून उचलला तर आवाज बऱ्याचदा फोनमध्येच राहतो. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, कॉल ऑडिओ राउटिंग या वाटेने जाऊन 'ऑटोमॅटिक' ऐवजी ब्लूटूथ हेडसेट निवडलं की हा प्रश्न सुटतो.

खरखर, तुटक आवाज आणि ३० मीटरचा दावा

पल्ला ३० मीटरपर्यंत असं कंपनी सांगते. मोकळ्या जागेत, समोर आडोसा नसताना आणि फोनचा रेडिओही तेवढाच दमदार असताना हे शक्य आहे. पण पल्ला दोघांमधल्या कमजोर बाजूवर ठरतो. हेडसेट लांबून ऐकू शकतो म्हणून फोनचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. एक जाड भिंत मध्ये आली की हिशेब पुष्कळ बदलतो.

त्याहून मोठा आडोसा म्हणजे आपण स्वतः. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. हेडसेट उजव्या कानावर आणि फोन डाव्या मागच्या खिशात, म्हणजे मध्ये अख्खा देह. घरात, ऑफिसात भिंतींवरून लहरी परतून येतात म्हणून निभावतं, पण उघड्या मैदानावर किंवा रस्त्यावर परतायला काही नसतं आणि आवाज तुटू लागतो. 'घरात उत्तम चालतो, बाहेर पडलं की कट होतो' या तक्रारीचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. फोन हेडसेटच्याच बाजूच्या पुढच्या खिशात ठेवा. किंवा हेडसेटचा बूम फिरवून तो दुसऱ्या कानावर घ्या, ही सोय ५२०० मध्ये आहे आणि ती फार थोडे वापरतात.

याच पट्ट्यात वाय-फाय, मायक्रोवेव्ह ओव्हन, बिनतारी माउस असे सगळे असतात. पारंपरिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं आणि गर्दीचे चॅनेल टाळायला शिकतं, त्यामुळे सहसा वाट निघते. पण फोन २.४ गिगाहर्ट्झच्याच वाय-फायवर इंटरनेट कॉल करत असेल तर एकाच फोनमधले दोन रेडिओ एकाच पट्ट्यात भांडतात. अशा वेळी फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या किंवा मोबाइल डेटावर कॉल करून बघा. फरक लगेच कळतो.

कॉम्प्युटरवर आणखी एक चोर असतो, यूएसबी ३. हार्डडिस्क किंवा तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, आणि हेडसेटचा डाँगल (कॉम्प्युटरला ब्लूटूथ जोडणी देणारा यूएसबीचा छोटा तुकडा) शेजारच्याच पोर्टमध्ये खोचलेला असेल तर खरखर ठरलेली. एक लहान यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डाँगल हातभर दूर, टेबलावर दिसेल असा ठेवा. बाकी काही करायची गरज सहसा पडत नाही.

समोरच्याला आवाज 'डब्यातून' येतोय, ही कनेक्शनची तक्रार नाही, पण त्याच नावाखाली येते म्हणून सांगायला हवं. कॉलसाठी ब्लूटूथ वेगळी वाट वापरतं, संगीतासाठी वेगळी. कॉलच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने जातात, सुधारित पद्धतीत १६ हजार. ५२०० ला दुसरी जमते, पण फोन, नेटवर्क आणि पलीकडचा फोन या सगळ्यांची साथ लागते. विंडोजवर माइक चालू झाला की संगीताचा दर्जाही याच कॉलच्या पातळीवर घसरतो. हेडसेट बिघडला म्हणून त्या वेळी शिव्या घालू नका.

डाँगलवाली आवृत्ती

५२०० यूसी या नावाने मिळणाऱ्या आवृत्तीबरोबर बीटी ६०० नावाचा छोटा यूएसबी डाँगल येतो. कॉम्प्युटरवर काम असेल तर जास्तीचे पैसे इथे घालावेत. लॅपटॉपच्या ब्लूटूथच्या ड्रायव्हरचे खेळ, झोपेतून उठल्यावर न जोडलं जाणं, हे सगळं डाँगल बाजूला ठेवतो. कॉम्प्युटरला तो साधं यूएसबी ऑडिओ उपकरण म्हणून दिसतो.

डाँगल आणि हेडसेट एकमेकांशी आधीच जोडून येतात. कधी ओळख तुटली तर डाँगलवरचं आत दबलेलं बारीक बटण पेनाच्या टोकाने दाबून धरा, लाल-निळा दिवा लुकलुकला की हेडसेटही पेअरिंगमध्ये टाका. स्थिर निळा दिवा आला की झालं. फक्त एक पथ्य पाळा: हेडसेट त्याच लॅपटॉपच्या अंगच्या ब्लूटूथलाही जोडून ठेवू नका. तसं केलं की एकच लॅपटॉप दोन्ही खुर्च्या अडवतो आणि फोन बाहेर उभा राहतो. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हीसाठी डाँगलचंच नाव निवडलंय ना, तेही पाहा. एक डाँगलचा आणि एक लॅपटॉपचा, अशी सरमिसळ फार वेळा दिसते.

रीसेट, अपडेट आणि बॅटरी

रीसेट शेवटी करा, कारण आठही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. हेडसेट पेअरिंगमध्ये टाका. दिवा लाल-निळा लुकलुकत असताना आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम दाबून धरा, दिवा जांभळा लुकलुकेपर्यंत. मग बंद करून चालू करा. प्रत्येक फोन-लॅपटॉपवरून जुनं नाव 'फरगेट' करायला विसरू नका, नाहीतर वर सांगितलेला चावीचा घोळ आठ ठिकाणी होईल. फोनच्या बाजूचं नेटवर्क रीसेट त्याच्याही नंतर, कारण त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्डही जातात.

फर्मवेअर, म्हणजे हेडसेटच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट फोनवरून न करता कॉम्प्युटरला केबल लावून केलेलं बरं. अडचण केबलचीच येते. इकडेतिकडे पडलेल्या मायक्रो यूएसबी केबलींपैकी अनेक नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. हेडसेट चार्ज होतोय पण सॉफ्टवेअरला दिसत नाही, तर आधी केबल बदला. अपडेट चालू असताना केबल हलवू नका.

मायक्रो यूएसबी हाच मुळात या हेडसेटचा ठळक दोष. बाकी सगळं टाइप-सीवर गेलेलं असताना मूळ ५२०० साठी एक जुनी केबल सांभाळत बसावं लागतं. शिवाय आतली बॅटरी बदलता येत नाही. दोन-तीन वर्षं रोज वापरल्यावर ती थकते आणि तेव्हाही ते कनेक्शन गेल्यासारखंच वाटतं: टक्केवारी बरी दिसते, पण लांब कॉलमध्ये अचानक सगळं बंद. सेन्सर आणि पेअरिंग दोन्ही ठीक असूनही असं होत असेल, तर पूर्ण चार्ज करून सलग कॉल लावून बघा. निम्मा वेळही टिकत नसेल तर वरचे उपाय करत बसण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथचा आकडा जुना आहे, ४.१. नव्या फोनला तो जुळतो का असं विचारलं जातं. जुळतो, ब्लूटूथमध्ये ही मागची सोय राखलेली आहे. एलई ऑडिओसारखी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत) सोय मात्र मिळणार नाही. गाणी ऐकण्यासाठी हा घेऊ नये, एका कानाचं संगीत किती दिवस पुरणार. रोज तासन् तास बोलणाऱ्याला, त्यातही दोन फोन सांभाळणाऱ्याला, जरूर घ्यावा आणि लॅपटॉप असेल तर यूसी आवृत्तीच घ्यावी.

वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोर तीन गोष्टी करून बघा. जांभळा दिवा येईपर्यंत रीसेट करून तुमचा फोन जोडा. कॉल लावून हेडसेट कानावरून दोनदा काढा-घाला आणि आवाज दर वेळी नीट ये-जा करतो का ते पाहा. मग केबल लावून पोर्ट हलकेच हलवा. चार्जिंगचा दिवा विझला-पेटला, तर तो हेडसेट घेऊ नका.